तांबीचा पाय

झिजलेला नाल हातात आला की अब्बा तो लगेच भंगाराच्या ढिगात टाकायचे नाहीत. आधी उजेडाकडे धरायचे, मग कडेवरून अंगठा फिरवायचे, आणि मग घोड्याच्या मालकाकडे असे बघायचे की आपले काहीतरी चुकले आहे हे त्याला आपोआप कळावे. "घोडा रंकाळ्याच्या पलीकडं न्हेलाच न्हाय म्हणतोस. मग जोतिबाचा दगड रंकाळ्यात कुणी आणून टाकला?" टांगेवाला हसून मान खाली घालायचा. कोणता घोडा उजव्या अंगाला झुकतो, कोणत्या बैलाला कायम जड बाजूला जुंपतात, कोण उतारावर उगाच लगाम खेचतो, हे सगळे त्यांना त्या वाकड्या लोखंडावरून कळायचे. अक्षर त्यांना एक ओळखता येत नव्हते. माझ्या प्रगतिपुस्तकावर ते अंगठा उठवायचे आणि तोही कोळशाने माखलेला, म्हणून बाई मला ओरडायच्या. पण नाल वाचायला त्यांनी मला शिकवले. माझे जे काही शिक्षण झाले त्यातले सर्वात जास्त उपयोगी पडले ते हेच, असे मी म्हणते तेव्हा माझी मुले हसतात. हसू देत.

आम्ही नालबंद. मंगळवार पेठेत रस्त्याकडे तोंड करून अब्बांचे दुकान आणि त्याच्या पाठीला लागून आमच्या दोन खोल्या, मधे फक्त एक उंबरा. भात्याचा फुसफुसाट, ऐरणीवरची ठाणठाण, तासलेल्या खुरांचा वास हे सगळे आमच्या जेवणाखाण्यात मिसळलेले असायचे. पाहुण्यांच्या नाकाला तो वास लागायचा. आम्हाला तो नसला की चुकल्यासारखे व्हायचे. अम्मा चुलीपुढे जोंधळ्याची भाकरी थापायची ती हातोड्याच्या तालावर, आणि हे तिला जन्मात कळले नाही. अब्बा मधेच पाणी प्यायला थांबले की तिचाही हात थांबायचा. घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलायचो, तिच्यात निम्मी मराठी आणि उरलेल्या निम्मीला कोल्हापुरी ठसका, म्हणून इथे सगळ्यांचे बोलणे मी मराठीतच लिहिते. शेजारी गंगूमावशी राहायची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चपला व्हायच्या. नवरा होता तोवर तो चामडे कापायचा आणि ही वेण्या घालायची, वादीने तळ शिवायची. तो गेल्यावर रापी घेऊन कापायलाही हीच बसली. अब्बांशी तिचे रोजचे भांडण. तिच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या धुराने तिचे चामडे काळवंडायचे, अब्बांच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या चामड्याच्या वासाने घोडे बुजायचे. ईदला आमचा शीरखुर्मा तिच्याकडे जायचा आणि दर वर्षी रिकामा तांब्या परत देताना ती सांगायची, "शेवया कमी पडल्यात." होळीला तिची कटाची आमटी आमच्याकडे यायची तेव्हा अब्बा ती संपवून म्हणायचे, "तिखट बेताचंच हाय." तोवर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असायचे.

दिवाळी झाली की धनगरांचे कळप शहराच्या कडेने पश्चिमेला निघायचे. शाहूवाडीचे डोंगर ओलांडून, घाट उतरून कोकणात, आणि वळीव पडायच्या आत परत. त्यांच्यातला धुळाप्पा सामान वाहणाऱ्या तट्टांना नाल ठोकून घ्यायला आमच्याकडे थांबायचा. उंच, काटकुळा, बोलायला लागला की समोरच्याला वाटावे हा भांडतो आहे. त्या वर्षी तो तट्टू न घेता आला. त्याच्या खांद्यावर घोंगडे होते आणि घोंगड्यात एक तांबड्या रंगाची कुत्री. उसाच्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तिच्या पुढच्या डाव्या पंजावरून गेली होती. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चुरा झालेला पंजा मनगटापासून काढून टाकला होता, टाके नीट घातले होते, आणि पट्टी स्वच्छ होती. कुत्री आमच्याकडे बघत नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती, जिकडून मेंढरांचा आवाज येत होता.

"डाक्टर म्हनला, घरात बसून तीन पायांवर धा वर्सं जगंल," धुळाप्पा म्हणाला. "पर हिला घर हाय कुठं? दिसाला पाच कोस चालायचं हिला. मागं राहिली की लांडगं हायतच."

"मग?" अब्बांनी विचारले.

"दगड घालाय हात उचलंना, नालबंद. तुमी पायाचं मानूस. बघा काय हुतंय का. वळवाच्या आत परत फिरतो मी. चार पायांवर चालली तर न्हेतो. न्हाय चालली तर ऱ्हाऊ दे तुमच्यातच."

इतके बोलून तो तोंड फिरवून उभा राहिला. तांबी तिचे नाव. अब्बांनी तिला उचलून भात्याशेजारी पोत्यावर ठेवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रशे, पाणी आण."

माझी सातवी झाली होती आणि शाळा बंद झाली होती. घरात लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या, म्हणजे मला दाराबाहेर एकटीने जायला बंदी. पंधरा वर्षांची धडधाकट मुलगी दिवसभर दोन खोल्या झाडते, पुन्हा झाडते, आणि फटीतून रस्ता बघते. तांबी आली आणि माझा दिवस भरला. ती माझी कुत्री नव्हती हे मला पहिल्या दिवशी चांगले माहीत होते. आठवड्याने ते मी विसरले.

अम्माने आल्याआल्या हद्द ठरवून टाकली. "उंबऱ्याच्या आत न्हाय." कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर त्या कपड्यात नमाज होत नाही, आणि आमच्या घरात नमाजाचे कपडे वेगळे ठेवण्याइतके कपडे नव्हते. अब्बा दर वेळी हात, कोपर, पाय घासून घासून धुवायचे. पाणी मी ओतायचे. तांबीला तो उंबरा कुणी दाखवला नाही, पण तिने तो एकदाही ओलांडला नाही. उंबऱ्याच्या बाहेर हनुवटी टेकून ती आमचे जेवण बघत बसायची. पहिले दोन दिवस अम्माने तिला फुटक्या खापरात शिळी भाकरी, तीही दुसरीकडे बघत, वाढली. तिसऱ्या दिवशी भाकरी ताजी होती. पंधरवड्याने नळीतला मगज, जो माझ्या आठवणीत फक्त अब्बांच्या ताटात पडायचा, त्या खापरात पडलेला मी पाहिला. मी बघते आहे हे कळल्यावर अम्मा म्हणाली, "हाड लवकर भरतंय त्यानं." रमजान आला तेव्हा रोजा सोडायच्या वेळी आम्ही खजूर हातात धरून अजानची वाट बघत बसायचो आणि उंबऱ्यापलीकडे तांबीही भाकरीला तोंड न लावता आमच्याबरोबर थांबायची. यात धर्माचे काही नव्हते, तिला खजूर हवा असायचा. अब्बा मात्र कौतुकाने पेठेत सांगत फिरले.

जखम भरल्यावर अब्बांनी पहिला पाय केला तो लोखंडाचा. नालबंदाकडून दुसरे काय होणार? चामड्याची नळी, खाली लोखंडी पत्रा. तांबीने तो दोन पावले ओढला आणि तिसऱ्याला ती मटकन बसली. वजनच तेवढे होते. मग त्यांनी बाभळीच्या लाकडाचा खुंट केला, हलका, वर चामड्याची वाटी, वाटीत धुळाप्पाने मागे ठेवलेल्या घोंगड्याची लोकर, आणि बांधायला वाद्या. हा पाय दिसायला देखणा होता. अब्बांनी तो चार लोकांना दाखवला. तांबी त्याच्यावर उभी राहिली, चाललीही. पण त्या बाजूचा खांदा वर काढून, पाय बाहेरच्या बाजूला फेकत. तिसऱ्या दिवशी वाटीतल्या लोकरीला रक्त लागले. अब्बांना वाटले वाटी बोचते आहे. त्यांनी ती आतून तासली, लोकर वाढवली, वाटी बदलली. परत रक्त. परत नवी वाटी. मधे जखम भरेपर्यंत थांबायचे. असा महिना, दीड महिना गेला. लांबीचा विषय कुणी काढला तर ते चिडायचे. "लांबी बरोबर हाय. मी सोता मोजलीया."

एके दिवशी गंगूमावशी धुराची तक्रार घेऊन आली. तांबीला तिने तोवर लांबूनच बघितले होते. दारात कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे पावणं असं का चालतंय?" अब्बांनी वाटीचे रडगाणे सांगितले. मावशीचे लक्ष वाटीकडे नव्हतेच.

"माप कुनी घेतलं?"

"मी."

"कसं?"

अब्बांनी दाखवले. खाली बसले, तांबीचा चांगला पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि काडी धरली. नालबंदाचे सगळे काम मांडीवरच चालते. घोड्याचा पाय उचलायचा, मांडीत दाबायचा, खूर तासायचा, नाल बसवायचा. त्यांच्या बापाने तेच केले, आजाने तेच केले. मोजायचे म्हटल्यावर त्यांच्या हाताने पाय आपोआप वर उचलला होता.

गंगूमावशी इतकी हसली की तिला ऐरणीचा आधार घ्यावा लागला. "आवं, गिऱ्हाईक खाटंवर पडून माप देतंय व्हय? अंगाचं वजन भुईवर पडल्याबिगर आपला पाय केवढा हाय ते त्या पायालाबी ठावं नसतंय!" तिने घरातून चामड्याचा तुकडा आणला, त्याच्यावर तांबीला उभे केले, मला तिच्या खांद्यांवर हलकेच दाबायला सांगितले, आणि चांगल्या पायाचे सांधे जसे खाली बसले तसे काडी उभी धरून तिच्यावर कोपरापाशी पेन्सिलीने खूण केली. अब्बांचे माप दोन बोटे जास्त भरले. वीस वर्षे पायाचे काम केलेला माणूस कुत्रीपुढे तसाच बसून राहिला. मग करवत शोधायला उठला. खुंट कापून झाल्यावर मावशी म्हणाली, "आता खाली तळ मी शिवतो. दुहेरी चामडं. तळ झिजला की बदलायचा, लाकूड झिजू द्यायचं न्हाय." त्या दिवशी दोघांचे भांडण झाले नाही, आणि अम्माला काळजी वाटली की अब्बांना ताप आहे की काय.

पाय बसला, पण पाय बसला म्हणजे चालता आले असे नसते. तांबीला तीन पायांवर उड्या मारत जायची सवय लागली होती. चौथा ती विसरली होती. रोज सकाळी मी तिला "पाय दे" म्हणायचे. घोड्यांना अब्बा म्हणायचे तेच शब्द, तोच सूर. ती आडवी व्हायची आणि तो अर्धा पाय माझ्या मांडीवर ठेवायची. मी एरंडेल कोमट करून खांद्यापासून खाली चोळायचे, लोकर फुलवून वाटीत घालायचे, वाद्या आवळायचे, फार नाही, बोट जाईल इतक्या. मग दुकानातल्या दुकानात फेऱ्या. मी पुढे, हातात भाकरीचा तुकडा, ती मागे. पळू द्यायचे नाही, कारण पळताना ती चौथा पाय उचलून धरायची. सावकाश, पाऊल टेकवत. मग अम्मा दारात उभी राहील तेवढा वेळ गल्लीत. मग अम्मा नदीवर धुणे घेऊन जायची तेव्हा तिच्याबरोबर, पंचगंगेच्या वाळूत, कारण वाळूत पडली तरी लागत नाही. अम्मा धुणे बडवता बडवता लांबून ओरडायची, "अगं डावा टाकंना ती! थांबीव तिला!" कुत्र्याकडे ढुंकून न बघणारी बाई!

एका सकाळी त्याच वाळूत, पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी शेळ्या ओरडल्या, आणि तांबी पळाली. चारही पाय टाकत. तळाचा ठसा वाळूत उमटत गेला, तीन पंजे आणि एक गोल. मी टाळ्या वाजवल्या, अम्मा ओल्या साडीनिशी उभी राहून बघत राहिली. तांबी पाण्याच्या कडेला जाऊन थांबली आणि कान टवकारून पलीकडे बघत राहिली. मी हाक मारली. ती आली, पण हाक ऐकून यायला तिला वेळ लागला. इतके दिवस मी जे शिकवत होते ते तिच्या जाण्यासाठी शिकवत होते, हे मला तिथे कळले.

परवा नातीने मोबाइलवर दाखवले, कुठल्याशा देशात कुत्र्याला चकचकीत काळा पाय बसवला होता, पात्यासारखा बारीक. "आजी, भारी आहे ना?" मी बघितले. माप घेताना कुत्रे उभे केलेले होते. मी म्हटले, बरोबर आहे. तिला वाटले मला काही कळले नाही.

उन्हे तापली. आंब्याच्या पाट्या बाजारात आल्या, संध्याकाळी आभाळ भरून यायला लागले. माझे लग्नही ठरले होते, आजऱ्याला, जवळचे हुपरी नव्हे, थेट आजरा, जिथे मी कधी गेले नव्हते. पावसाळा सरला की निकाह. मला कुणी विचारले नव्हते, आणि विचारायची रीतही नव्हती. मी मनाशी एकच हिशेब धरला होता की तांबी राहिली तर ती माझ्याबरोबर येईल. इथून काहीतरी माझे म्हणून बरोबर येईल. तिला अंगणात ठेवू देतील का, हे विचारायचे धाडस झाले नव्हते, पण मनातल्या मनात तिच्या खापराची जागासुद्धा मी ठरवली होती.

अब्बा कळंब्याला बैलांचे नाल ठोकायला गेले होते त्या सकाळी चौकातून मेंढरांचा आवाज आला. मी तांबीच्या पायाला तेल लावत होते. लाकडी पाय शेजारी पडला होता. मी विचार केला नाही. तो उचलला आणि कोळशाच्या पोत्यात हात कोपरापर्यंत घालून खाली दडपला. हात धुवायला वेळ मिळाला नाही, फडक्याला पुसला.

धुळाप्पाला बघून तांबी जे काही करायला लागली ते मला लिहिता येत नाही. तो खाली बसला आणि ती त्याच्या मांडीवर, मानेवर, डोक्यावर. तीन पायांवर. त्याने तो अर्धा पाय हातात घेतला, भरलेली जखम अंगठ्याने बघितली.

"न्हाय जमलं व्हय?"

"बसंना," मी म्हणाले. "रक्त येतंय. टाकून दिला अब्बांनी."

तो बराच वेळ तिचे कान चोळत राहिला. मला वाटले रागावेल, ओरडेल. तो म्हणाला, "तुमी तरी काय करनार. ऱ्हाऊ दे. सावलीला हाय, पोटाला हाय." उठला आणि निघाला. तांबी त्याच्या मागे उड्या मारत गेली. कोपऱ्यावर त्याने वळून दगड उचलल्यासारखे केले, ओरडला, पाय आपटला. ती थांबली. तो दिसेनासा झाल्यावर ती परत आली, पण माझ्याकडे आली नाही. सरळ कोळशाच्या पोत्यापुढे गेली, वास घेतला, आडवी झाली, आणि तो अर्धा पाय वर धरला. रोज सकाळी माझ्यापुढे धरायची तसा. मी हाक मारली, भाकरी दाखवली, नळी दाखवली. ती तिथेच. अम्मा उंबऱ्यात येऊन बघून गेली. तिने माझ्या हाताकडे बघितले आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली.

अब्बा दुपारी आले. सायकल लावली, तांबीकडे बघितले, पोत्याकडे बघितले, माझ्याकडे बघितले. पोत्यात हात घालून पाय काढला, झटकला, फुंकर मारून लोकरीतली भुकटी उडवली. मला वाटले आता एक बसणार. त्यांनी पाय माझ्या हातात दिला.

"रशे, माझ्या दारात जनावर कशाला येतंय?"

मी वाद्या नीट करत राहिले.

"ऱ्हायला येत न्हाय. जायला येतंय. ह्या दारातनं जे चालत जात न्हाय ती माझी हार हाय." मग म्हणाले, "चल. तूच बांधायचा, आन तूच सांगायचं."

कळप शहराबाहेर, नदीच्या पुलापलीकडे उसाच्या रिकाम्या रानात बसला होता. मी सायकलच्या मागे, मांडीवर तांबी. वाटेत ती एकदाही हलली नाही. धुळाप्पा काठी टेकवून उभा होता. मी खाली बसले आणि म्हणाले, "पाय दे." बोट जाईल इतक्या वाद्या आवळल्या. मान वर न करता सांगितले की मी खोटे बोलले. धुळाप्पाचा आवाज रानभर गेला, "खोटं बोललीस व्हय गं पोरी? आन मी दगड उगारला की तिच्यावर!" पण तोवर तांबी उठली होती. ती मेंढरांच्या कडेने निघाली, तांबडी, खाली मान घातलेली, डावा पाय जरासा बाहेर टाकत. मागे राहिलेली दोन कोकरे तिने न भुंकता आत ढकलली आणि पलीकडे गेली. धुळाप्पा ओरडायचा थांबला. अब्बा सायकलला टेकून तिचा पायच बघत होते, ओठ हलवत, पावले मोजत असावेत. मी वाट बघत होते की ती वळून बघेल. तिला काम होते.

परत येताना पुलावर मी अब्बांना म्हणाले, "तिचं नाव माझ्यापुढं पुन्हा कधी काढायचं न्हाय." बापाला असे बोलायची आमच्यात सोय नव्हती. अब्बा पेडल मारत राहिले. मग म्हणाले, "न्हाय काढत."

माझ्या अब्बांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडल्याचे मला आठवत नाही. तेवढा एक मोडला असता तर काय बिघडले असते?

त्या दिवाळीपूर्वीच मी आजऱ्याला आले. भाजलेल्या काजूच्या टरफलांचा धूर इथे रस्त्यावर असतो. पहिले वर्षभर मला तो आमच्या भात्याच्या धुरासारखा वाटायचा आणि रडू यायचे, आता काहीच वाटत नाही. माहेरी मी ईदला जायचे, बाळंतपणाला जायचे. अब्बा घोड्यांचे सांगायचे, टांगे कमी झाले ते सांगायचे, गंगूमावशीची तक्रार सांगायचे. त्यांनी विषय काढावा म्हणून मी भात्याशेजारी जाऊन बसायचे, तांबीच्या पोत्याच्या जागी. ते माझ्याकडे बघायचे आणि कामाला लागायचे. मी विचारले नाही. सुरुवातीला रागाने, मग लाजेने, मग ती सवयच झाली. आंबोलीच्या वाटेला मेंढरांचा कळप दिसला की मी मुलांना घेऊन थांबायचे आणि पाय बघायचे. प्रत्येक तांबड्या कुत्र्याचे चार पाय असायचे.

अब्बा गेले तेव्हा पेठेत एकच टांगा उरला होता. चाळिसाव्या दिवसाची फातेहा झाल्यावर दुकान आवरायला काढले. गंगूमावशी काठी टेकत आली, डोळ्यांनी अधू झालेली. भात्याच्या मागे हात करून म्हणाली, "ते तुझं हाय. न्हे."

भिंतीला, भात्याने झाकलेल्या खिळ्यावर एक वादी लटकत होती. वादीत ओवलेले चामड्याचे गोल तळ, एकाखाली एक, सहा. आणि सगळ्यांच्या खाली तो पाय.

"दर दिवाळीला धुळाप्पा घेऊन यायचा तिला. तुझं म्हातारं जुना तळ काढायचं, मी नवा शिवायचो. मी दहांदा म्हनलो, पोरीला सांगा की. सांगाय गेलो तर डोळं वटारायचं. म्हनायचं, रशी इचारंल तवा दाखवीन."

मी ती वादी घेऊन दारात उजेडाला बसले. पहिला तळ बाहेरच्या कडेला झिजला होता आणि त्याच्यात माळरानाचा खडा रुतला होता. ती पाय बाहेर टाकतच होती. दुसरा सारखा झिजला होता, सगळीकडून सारखा, म्हणजे चाल बसली. तिसरा कागदासारखा पातळ. त्या वर्षी ती खूप चालली. चौथाही तसाच. पाचवा पुढच्या टोकाला घासला होता, पाय उचलायचा कंटाळा येऊ लागला होता. सहावा टोकालाच, आणि फार नाही. सातवा अजून पायाला होता. त्याच्यावर मावशीने कापताना केलेली पेन्सिलीची खूणसुद्धा पुसली नव्हती. वाटीत बोट घातले. लोकरीत केस अडकले होते, थोडे तांबडे, बरेचसे पांढरे.

अंगठा कडेवरून फिरवत मी मोठ्याने विचारले, "अब्बा, तांबी कशी हाय?"

गंगूमावशीला वाटले मी तिला विचारले. ती म्हणाली, "म्हातारी हून गेली. मेंढरात."